रिझोल्यूशन किती, आणि कोणत्या दिशेला?

पीडीबी म्हणजे प्रथिनांच्या रचनांचा जगभरचा खुला साठा. त्याच्या जुन्या धाटणीच्या फाइलमध्ये वरच्या बाजूला 'रिमार्क २' नावाची ओळ असते. रिझोल्यूशन, मग एक आकडा, मग अँगस्ट्रॉम्स, की संपलं. प्रथिनाच्या स्फटिकामागे कुणाची वर्षं गेलेली असतात, आणि त्या सगळ्या डेटाची लायकी त्या एका ओळीत मावते. निदान मावते असं आपण धरून चालतो. डॉकिंग करणारे, म्हणजे संगणकावर प्रथिनात औषधाचा रेणू बसवून बघणारे, त्या आकड्यावरून स्ट्रक्चर निवडतात, सांख्यिकीवाले "अडीचच्या आतली तेवढी घ्या" म्हणून चाळणी लावतात, मशीन लर्निंगवाले तर फाइल उघडूनही बघत नाहीत. आणि आमच्याकडे पुण्यात पाषाणला कॉरिडॉरमध्ये भेटणारा प्रत्येक जण हातात चहाचा कप धरून तेच विचारतो, "काय, किती मिळालं?"

बहुतेक स्फटिकांच्या बाबतीत या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर चालून जातं. काहींच्या बाबतीत चालत नाही. तरीही फॉर्म, तक्ते आणि माणसं एकच आकडा मागतात. ही पोस्ट त्या काहींबद्दल.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की डिटेक्टरवर ठिपके उमटतात. मधल्या भागातले ठिपके म्हणजे रेणूची ढोबळ माहिती, कडेचे ठिपके म्हणजे बारीक. ठिपके मध्यापासून जितक्या लांबपर्यंत दिसतील तितका रेणूचा तपशील जास्त. ही मर्यादा म्हणजेच रिझोल्यूशन. ती अँगस्ट्रॉममध्ये (मीटरचा हजार कोटीवा भाग) सांगतात आणि आकडा जितका लहान तितकं चांगलं. २ च्या आसपास असाल तर प्रथिनाला चिकटलेले पाण्याचे रेणू एकेक करून दिसतात. ३ च्या पलीकडे गेलात की अमिनो आम्लांच्या साइड चेन कुठे वळल्यात हेसुद्धा पुष्कळदा अंदाजानं ठरवावं लागतं.

आता आमचा स्फटिक. जिवाणूचं एक एन्झाइम, पत्र्यासारखे पातळ स्फटिक, त्यातला एक लूपमध्ये उचललेला आणि १०० केल्विनच्या नायट्रोजनच्या झोतात धरलेला. ड्युअर (स्फटिक थंड ठेवणारं भांडं) कुरियरनं फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनला, म्हणजे क्ष-किरणांचा प्रखर झोत देणाऱ्या यंत्राकडे, गेला होता आणि आम्ही इथं पाषाणला बसून रिमोटनं डेटा गोळा करत होतो. उन्हाळ्यात ग्रनोबल आपल्या साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे तिकडची रात्र इकडे उजाडेपर्यंत लांबते. (घरच्या, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या, मशीनवर हे का नाही केलं, असं विचारू नका. घरच्या मशीनला गुरुवार आडवा येतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते किंवा पाणी जातं, आणि चिलरला दोन्ही लागतात.)

पहिली इमेज शून्य अंशाला. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, २.६ च्या पुढे काहीच नाही. डिटेक्टर मागे घेऊ का?" इमेज मोठी करून बघितली. आडव्या रेषेत ठिपके २.६ च्या कड्यापर्यंत व्यवस्थित जात होते. उभ्या रेषेत मात्र ३.२ लाच दम तुटला होता. शेवटचे ठिपके म्हणजे नुसती धूळ, त्यापुढे कोरी पार्श्वभूमी. ठिपक्यांचा एकूण आकार गोल नव्हता, आडवा लांबट होता. मी म्हटलं, "डिटेक्टरला हात लावू नकोस. आधी नव्वद अंश फिरव." फिरवला. आडव्या रेषेत तेच २.६, कारण फिरवण्याचा अक्षच आडवा होता. पण उभ्या रेषेत ठिपके चालतच राहिले. २.८ गेलं, २.४ गेलं, पार डिटेक्टरच्या कडेपर्यंत, २.१ पर्यंत. तोच स्फटिक, तोच किरण, तेवढंच एक्स्पोजर. पहिल्या इमेजवर विसंबून डिटेक्टर मागे घेतला असता तर ही कड इमेजवर आलीच नसती, आणि या दिशेला डेटा होता हे पुढे कुठलंच सॉफ्टवेअर सांगू शकलं नसतं. नवीन मुलांना मी म्हणूनच सांगते, की शून्य आणि नव्वद, शक्य असेल तर पंचेचाळीसही, एवढं बघितल्याशिवाय डिटेक्टरचं अंतर ठरवायचं नाही.

तर आमच्या स्फटिकाचं उत्तर असं: सी-स्टारच्या दिशेला २.१, बी-स्टारच्या दिशेला २.६, ए-स्टारच्या दिशेला ३.२. (ए, बी, सी हे स्फटिकाचे तीन अक्ष; स्टार लावला की ठिपक्यांच्या जागेतले त्यांचे जोडीदार.) याला ॲनिसोट्रॉपी म्हणतात. फार दुर्मीळ नाही ती. पेशीच्या पटलातल्या प्रथिनांवर काम करणाऱ्यांना विचारा, ते हसतील.

असं का होतं ते स्ट्रक्चर सुटल्यावर दिसलं. शेजारी रेणू दाखवायला सांगितल्यावर पडद्यावर थर उभे राहिले. थरातल्या थरात रेणू एकमेकांना गच्च धरून होते, हायड्रोजन बंध, मिठाचे पूल, सगळा बंदोबस्त. एका थरातून दुसऱ्या थरात जायला मात्र दोन-तीन साइड चेनचा निसटता आधार आणि मधे पाण्याचा पट्टा. थर एकमेकांवर ए अक्षाच्या दिशेनं रचलेले. म्हणजे त्या दिशेला रेणूंना हलायला, थोडं पुढेमागे बसायला जागा. जितकं हलणं जास्त तितकी त्या दिशेच्या ठिपक्यांची तीव्रता लवकर ढासळते. हे बी-फॅक्टरमध्ये मोजतात, आणि तो घातांकात बसतो, म्हणून मामला झपाट्यानं बिघडतो. समजा एका दिशेला बी-फॅक्टर दुसरीपेक्षा ४० चौरस अँगस्ट्रॉमनं जास्त आहे. तेवढ्यानं ३.२ ला तीव्रता साधारण सातव्या हिश्श्यावर येते, आणि २.१ ला शंभराव्या. शंभरावा हिस्सा पार्श्वभूमीच्या गोंगाटात कुणाला सापडणार?

स्फटिक सगळीकडून सारखा नसतो हे आम्हा पुणेकरांना खरं तर हातात घेऊन बघता येतं. पाषाणच्या टेकडीवरच्या जुन्या खाणींमधला हिरवा ॲपोफिलाइट जगभरातल्या संग्रहांत ठेवलेला आहे, वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साइटसारखाच. माझ्या टेबलावर एक तुकडा असतो, विद्यार्थ्यांना दाखवायला. एका दिशेला तो चपट्या चकत्यांमध्ये सरळ सुटतो आणि सुटलेल्या तळावर मोत्यासारखी झाक दिसते. बाकीच्या दिशांना असा सुटत नाही, वेडावाकडा तुटतो. आत सिलिकेटचे थर आहेत आणि थरांच्या मधे कॅल्शियम, पोटॅशियम, पाणी. खनिजात काय आणि प्रथिनात काय, थर आले की दिशा आली. आमच्या इमारतीच्या पायाखालच्या खडकात हे ठळक दिसत असताना वरच्या मजल्यावर आम्ही एका आकड्याचा हट्ट धरून बसतो, याची मला गंमत वाटते.

आता खरा तिढा. तीन आकडे आहेत, तक्त्यात जागा एकाची आहे. लिहायचं काय?

एक पंथ म्हणतो २.१ लिहा, तिथपर्यंत खरोखर डेटा आहे ना? दुसरा पंथ म्हणतो प्रामाणिकपणे ३.२ लिहा आणि डेटाही ३.२ ला कापा. तिथपर्यंत तो सगळ्या दिशांनी पूर्ण आहे. दुसरा पंथ सात्त्विक वाटतो, आणि मला तोच जास्त घातक वाटतो. हिशेब करून दाखवते.

ठिपक्यांची संख्या ही रेसिप्रोकल स्पेसमधल्या, म्हणजे ठिपक्यांच्या उलट मापाच्या (१ भागिले अंतर) जागेतल्या, घनफळाच्या प्रमाणात असते. समजा २.१ च्या पूर्ण गोलात ३०,००० स्वतंत्र ठिपके मावतात. आमचा चांगला डेटा गोलात नाही, लंबगोलात आहे, आणि त्याचे तीन अर्धअक्ष २.१, २.६ आणि ३.२ चे व्यस्त. त्या लंबगोलात साधारण १५,९०० ठिपके येतात, म्हणजे गोलाच्या ५३ टक्के. आता दुसऱ्या पंथाचं ऐकून ३.२ च्या गोलाला कापलं तर हातात उरतात ८,५००. जवळजवळ निम्मे चांगले मोजलेले ठिपके केराच्या टोपलीत! मॉडेलमधल्या अणूंची संख्या तेवढीच राहते, त्यांना जागेवर धरणाऱ्या निरीक्षणांची मात्र निम्मी होते. याला सचोटी म्हणायचं असेल तर ती फार महाग आहे.

पहिल्या पंथाचा घोळ वेगळा. २.१ चा आकडा ऐकणाऱ्याला वाटतं ३०,००० ठिपके आहेत. प्रत्यक्षात आहेत त्याच्या निम्मे, म्हणजे २.६ ला सगळीकडून सारखा पूर्ण असलेला स्फटिक जेवढे देईल तेवढेच. काही जण म्हणूनच तिन्हींचा गुणोत्तर मध्य घेऊन 'परिणामी रिझोल्यूशन २.६' असं लिहितात. मोजदादीपुरतं ते ठीक आहे. पण नकाशात, म्हणजे ठिपक्यांवरून काढलेल्या इलेक्ट्रॉन घनतेच्या चित्रात, काय दिसेल हे २.६ सांगत नाही. २.६ च्या साध्या नकाशात घनता सगळ्या बाजूंनी सारखी धूसर असते. आमच्या नकाशात एका दिशेला धारदार आणि दुसऱ्या दिशेला ओढल्यासारखी लांबट. एखादी बेंझीनची चकती कशी पडली आहे त्यावर ती चकती दिसणार की चिकटलेला गोळा दिसणार, हे ठरतं.

पुणे जिल्ह्यात पाऊस किती, असं कुणी विचारलं तर आपण काय सांगतो? ताम्हिणीत काही हजार मिलिमीटर, दौंड-बारामतीकडे पाचशेच्या आसपास. सरासरी काढता येते, पण त्या सरासरीवर ना ताम्हिणीचा शेतकरी भात लावेल ना बारामतीचा ज्वारी पेरेल. आधी विचारावं लागतं, घाटाकडे की देशाकडे?

पेपर तपासणाऱ्या परीक्षकांचं म्हणाल तर त्यांची अडचण मला कळते. तक्त्यासाठी गोलाची एकावर एक कवचं पाडतात. आमच्या तक्त्यात शेवटचं कवच २.२ ते २.१ असं होतं आणि तिथला कम्प्लीटनेस, म्हणजे अपेक्षित ठिपक्यांपैकी मोजलेले, ३ टक्के. एका परीक्षकानं लिहिलं की ३ टक्के भरलेलं कवच म्हणजे कवचच नव्हे, डेटा जिथं ९० टक्के पूर्ण आहे तिथं कापा. वरवर बिनतोड आहे. पण भूमितीच अशी आहे, की लंबगोलाचं टोक गोलाला जिथं टेकतं तिथं गोलाचा फार थोडा भाग लंबगोलाच्या आत असतो. आमचे तीन आकडे घेऊन कागदावर मांडलं तर त्या कवचात यायलाच हवेत शंभरातले तीनच. म्हणजे ३ टक्के ही डेटातली कमतरता नाही, प्रश्न गोलाच्या भाषेत विचारल्याचं फळ आहे. तोच प्रश्न लंबगोलाच्या आत विचारला तर आमचा कम्प्लीटनेस ९३ टक्के. गोलाच्या हिशेबानं एकूण ४९. दोन्ही आकडे खरे, आणि दोन्ही छापायला हवेत. नुसता ९३ छापणारेही मी पाहिले आहेत. तो दुसऱ्या टोकाचा चावटपणा झाला.

जुन्या सवयी इथं पाय ओढतात. वर्षानुवर्षं डेटा कुठं कापायचा हे कवचाच्या सरासरीवरून ठरलं. आर-मर्ज (एकाच ठिपक्याच्या मोजमापांमधली तफावत) अमुकच्या वर गेलं की कापा, आय बाय सिग्मा (तीव्रता भागिले तिच्यातली अनिश्चितता) २ च्या खाली गेलं की कापा. २०१२ साली कार्प्लस आणि डीडरिक्स यांनी सायन्समध्ये दाखवून दिलं की आपण उपयोगी डेटा फेकत आलोय, आणि सीसी-हाफ नावाचा निकष पुढे केला. मोजमापांचे दोन यादृच्छिक गट करा आणि ते एकमेकांशी किती जुळतात ते बघा. मोठं काम झालं ते. पण सीसी-हाफसुद्धा कवचाकवचानं काढला की दिशा पुन्हा गायब. आमच्या २.६ च्या कवचात सी-स्टारकडे ठणठणीत ठिपके आहेत आणि ए-स्टारकडे शुद्ध गोंगाट. दोघांची मिळून जी सरासरी येते ती त्या कवचात कुठंच खरी नाही. एमलेस हा प्रोग्रॅम निदान तीन दिशांच्या सुळक्यांमध्ये वेगवेगळा अंदाज काढून देतो. तो लॉग फाइलमध्ये असतो. लॉग फाइल कोण वाचतं हा प्रश्न वेगळा.

लंबगोल कापणी नवीन नाही. २००६ साली लॉस एंजेलिसच्या आयझेनबर्ग यांच्या गटानं क्षयाच्या जंतूमधल्या पीई आणि पीपीई या प्रथिनांच्या जोडीचं स्ट्रक्चर छापलं. त्यांचा डेटा असाच एकांगी होता. त्यांनी लंबगोलाच्या बाहेरचे ठिपके काढून टाकले, दिशेनुसार स्केल लावला, आणि ही सोय पुढे सर्व्हर करून सगळ्यांना खुली केली. त्यानंतर केंब्रिजच्या ग्लोबल फेझिंग कंपनीचं स्टारॲनिसो हे सॉफ्टवेअर आलं. आता बहुतेक लोक तेच वापरतात. त्याची खुबी अशी की ते लंबगोल आधी धरून चालत नाही. प्रत्येक ठिकाणी आसपासच्या ठिपक्यांचा सरासरी आय बाय सिग्मा काढतं आणि तो ठरलेल्या उंबरठ्याखाली, सहसा १.२ च्या खाली, गेला की तिथं सीमा. ती सीमा जशी असेल तशी, खाचाखोचांसकट. लंबगोल नंतर त्या सीमेवर बसवतात, माणसांना सांगता यावं म्हणून. तेव्हा "आम्ही लंबगोलानं कापला" असं स्टारॲनिसो वापरणाऱ्यानं लिहिलं की मी लाल पेनानं खूण करते.

एक सावधगिरी इथंच सांगून ठेवते. कमजोर डेटा वेगळा आणि गोळाच न केलेला डेटा वेगळा. स्फटिक पुरेसा फिरवला नाही, किंवा फिरवण्याच्या अक्षाजवळचा आंधळा भाग राहून गेला, तर तिथं ठिपके नाहीत. ती ॲनिसोट्रॉपी नव्हे. तिला लंबगोलाच्या पदराखाली लपवू नये.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते पाण्याबद्दल.

रिफाइनमेंटच्या, म्हणजे मॉडेल डेटाशी जुळवून घेण्याच्या, प्रोग्रॅमना नकाशा काढताना रिकाम्या जागा आवडत नाहीत. जो ठिपका मोजलेला नाही तिथं ते मॉडेलवरून काढलेली किंमत भरतात. साध्या डेटात शंभरातले चार-पाच ठिपके असे भरले तर बिघडत नाही, उलट नकाशा सुधारतो. पण आम्ही प्रोग्रॅमला रिझोल्यूशन २.१ सांगितलं होतं, आणि २.१ च्या गोलातले निम्म्याहून जास्त ठिपके मोजलेलेच नव्हते. म्हणजे नकाशातली निम्मी भर मॉडेलनं स्वतःच्या खिशातून घातलेली. विद्यार्थिनीनं कूट या नकाशे बघायच्या प्रोग्रॅममध्ये नकाशा उघडला आणि खूश झाली. "मॅडम, बघा ना, किती स्वच्छ!" खरंच सुरेख होता. गोल गोल पाणी, साइड चेन कोरून काढल्यासारख्या. एवढा सुरेख की मला शंका आली. फिनिक्स हे रिफाइनमेंटचं सॉफ्टवेअर दोन्ही प्रकारचे नकाशे एकाच फाइलमध्ये लिहून ठेवतं, भरलेला आणि न भरलेला. मी तिला न भरलेला शेजारी उघडायला लावला आणि दोघांना एकाच उंचीच्या समोच्च रेषेवर ठेवायला सांगितलं. न भरलेल्यात साइड चेन ए अक्षाच्या दिशेनं ओढल्यासारख्या लांबल्या. थरांच्या मधल्या पट्ट्यातली कितीतरी पाणी गायबच झाली. एक पाणी तर सक्रिय स्थळाच्या तोंडाशीच होतं आणि त्याच्यावर चर्चेत अख्खा परिच्छेद लिहून तयार होता. ते न भरलेल्या नकाशात नव्हतं. आम्ही ते पाणी मॉडेलमधून काढलं, पुन्हा रिफाइन केलं, आणि ते भरलेल्या नकाशातही परत आलं नाही. पहिल्यांदा ते तिथं होतं, कारण आम्ही ते तिथं ठेवलं होतं.

परिच्छेद काढला. ती दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. पण आता प्रयोगशाळेत कुणीही नकाशा दाखवायला आणला की आधी तीच विचारते, "भरलेला का न भरलेला?"

म्हणून 'रिझोल्यूशन किती' हा निव्वळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. प्रोग्रॅमला तो आकडा काम म्हणून दिला जातो आणि प्रोग्रॅम त्याचं ऐकतो. पुढे विद्यापीठात बसलेली एखादी बायोइन्फॉरमॅटिक्सची विद्यार्थिनी त्याच आकड्यावर चाळणी लावून आमचं स्ट्रक्चर उचलते आणि त्या पाण्याभोवती औषधाचा रेणू बसवायला लागते. तिला कसं कळावं?

पीडीबीनं आपल्या बाजूनं जागा करून ठेवली आहे, हे सांगायला हवं. आताच्या एमएमसीआयएफ फाइलमध्ये तिन्ही दिशांच्या मर्यादा, त्या दिशा, गोलाचा आणि लंबगोलाचा वेगवेगळा कम्प्लीटनेस, सीमा ठरवायला वापरलेला उंबरठा, या सगळ्यांसाठी रकाने आहेत. भरणं मात्र आपल्या हातात आहे. आणि शोधण्याच्या पानावर लोक चाळणी लावतात ती त्याच एका जुन्या रकान्यावर.

आम्ही आता काय लिहितो ते सांगते. तक्त्यात रिझोल्यूशनच्या ओळीत तिन्ही आकडे, दिशांसकट. त्यांच्या खाली उंबरठा कोणता घेतला ते, कारण १.२ ऐवजी २ घेतला तर तिन्ही आकडे बदलतात आणि उंबरठ्याशिवाय ते निरर्थक आहेत. कम्प्लीटनेस दोन्ही प्रकारचा. रिफाइनमेंटला प्रत्यक्ष वापरलेल्या ठिपक्यांची संख्या; माझ्या मते सगळ्या तक्त्यात सगळ्यात न फसवणारा आकडा हाच आहे आणि लोक त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. दिशेनुसार तीव्रता सुधारून घेतली असेल तर तसं, आणि पीडीबीत जमा करताना न सुधारलेला, न कापलेला डेटाही सोबत. उद्या कुणाला आमची सीमा पटली नाही तर त्यानं आपली आखावी. आर-फॅक्टरबद्दलही (मॉडेल आणि डेटा यांच्यातली तफावत) एक ओळ घालतो, कारण कमजोर ठिपके काढून टाकल्यावर तो आपोआप खाली येतो. मॉडेल सुधारल्यामुळे आला असं कुणी समजू नये.

दिशा लिहिताना एक फसगत आहे. स्फटिकांचे सममितीनुसार प्रकार पडतात. आमचा स्फटिक ऑर्थोऱ्हॉम्बिक, म्हणजे तिन्ही अक्ष एकमेकांना काटकोनात, म्हणून लंबगोलाचे अक्ष स्फटिकाच्या अक्षांवरच बसले आणि लिहिणं सोपं झालं. टेट्रागोनल किंवा हेक्सागोनल असता तर दोन आकडे सारखेच निघाले असते, आणि क्युबिक असता तर ही पोस्ट नसती. मोनोक्लिनिकमध्ये फक्त बी-स्टार जागेवर असतो. उरलेले दोन अक्ष ए-स्टार आणि सी-स्टारच्या प्रतलात कुठंही वळलेले असू शकतात. तिथं '०.८९ ए-स्टार वजा ०.४५ सी-स्टार' अशी दिशा लिहावी लागते. दिसायला ओबडधोबड, पण बरोबर. ट्रायक्लिनिकमध्ये तर तिन्ही मोकाट. तरीही छापील पेपरांत मोनोक्लिनिक स्फटिकांपुढे बिनदिक्कत 'ए, बी, सी च्या दिशेनं' असं लिहिलेलं सापडतं.

क्रायो-ईएमवाले, म्हणजे गोठवलेले रेणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघणारे, मित्र हे वाचून म्हणतील, आमच्याकडेही हेच. कण जाळीवर एकाच कुशीवर झोपतात, काही बाजूंची दृश्यं मिळतच नाहीत, आणि एफएससीचा, म्हणजे त्यांच्या रिझोल्यूशनच्या मोजपट्टीचा, एकच आकडा मिरवला जातो. खरं आहे. त्यांनी दिशेनुसार एफएससी काढायला सुरुवात केली आहे, आणि निदान चित्र तरी छापतात.

परीक्षकाला आम्ही लंबगोलाचं गणित अर्ध्या पानात मांडून पाठवलं, ३.२ ला कापलेल्या डेटावरचं रिफाइनमेंटही जोडलं. दोन्ही नकाशे शेजारी बघून त्यानं हट्ट सोडला, फक्त गोलाचा कम्प्लीटनेस तक्त्यातच ठेवा, पुरवणीत ढकलू नका, असं बजावलं. रास्त मागणी होती.

राहिला शीर्षकाचा प्रश्न. आमच्या सरांना शीर्षकात '२.१ अँगस्ट्रॉम' हवं होतं. मी म्हटलं, सर, शीर्षकात आकडाच नको, सारांशात तिन्ही देऊ. सरांनी थोडा वेळ घासाघीस केली. "तीन आकडे कोण लक्षात ठेवतं?" हा त्यांचा मुद्दा, आणि तो अगदीच चुकीचा नाही. शेवटी कबूल झाले. जाता जाता दारातून म्हणाले, "पण पोस्टरवर २.१ टाकायला हरकत नाही ना?"

"टाका की," मी म्हटलं, "फक्त ३.२ पण त्याच फॉन्टमध्ये."